रिपोर्टातलं प्रश्नचिन्ह

डॉक्टरताई, नमस्कार.

मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातला कास्तकार. पाच एकर वावर, पऱ्हाटी अन् तूर. घरवालीचं वय ३१. दसऱ्याच्या आधी तिचं पोट दुखून राहिलं होतं म्हणून यवतमाळले नेऊन सोनोग्राफी केली. पित्ताचे खडे निघतील असं वाटलं, पण निघाली उजव्या किडनीत ३.८ सेंटीमीटरची गाठ. मग हातात इंजेक्शन देऊन सिटी स्कॅन केला. रिपोर्टात शेवटी लिहिलं आहे, 'एएमएल? आरसीसी?' डाव्या किडनीतही दोन-तीन बारीक ठिपके आहेत म्हणते. एका खाजगी सर्जननं सांगितलं, कॅन्सर असू शकते, उजवी किडनी काढून टाका, एका किडनीवर माणूस मजेत जगते. दिवाळी झाल्यावरची तारीख दिली आहे. दीड लाख खर्च सांगितला.

साळा म्हणते आधी सुईनं तुकडा काढून तपासा. माही माय म्हणते सुई लागली की गाठ पसरते. बाजूच्या गावात एक जण मुतखड्याची पुडी देते, तो म्हणते गाठही विरघळते. काय करावं काही समजून नाही राहिलं. एक एकर विकायचं बोलणं सुरू केलं आहे.

मायचं अजून एक म्हणणं आहे. मोठ्या पोरीले, सात वर्षांची आहे, लहानपणापासून झटके येतात, गोळ्या चालू आहेत. तिच्या पाठीवर पांढरे डाग आहेत, लोक कोड म्हणतात. घरवालीच्या नाकाजवळच्या पुटकुळ्या लग्नाच्या आधीपासून आहेत, कोणत्याच मलमानं गेल्या नाहीत. अन् आता हे. माय म्हणते या घराले काहीतरी लागलं आहे. तुम्ही हसाल, पण लिहून टाकलं.

– आपला एक कास्तकार भाऊ


भाऊ,

हसले नाही. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाठीसाठी, दुसऱ्यांदा त्या शेवटच्या परिच्छेदासाठी. तो तुम्ही लाजत लाजत, सगळ्यात शेवटी लिहिला आहे. मी तुमची डॉक्टर असते तर तपासणी तिथूनच सुरू केली असती. त्याकडे येतेच, पण आधी तारखेचं बोलू. दिवाळीनंतरची ती तारीख पुढे ढकला. ऑपरेशन कधीच करू नका असं मी म्हणत नाही. पत्रावरून कोणाचा रोग ठरवता येत नाही आणि मी तो ठरवणारही नाही. पण या गाठीचं नाव अजून कोणीच ठरवलेलं नाही, आणि बिननावाच्या गाठीसाठी अख्खी किडनी द्यायची नसते. तपासण्यांना दोन-तीन आठवडे गेले तर एवढ्या आकाराच्या गाठीत सहसा काही बिघडत नाही. काढलेली किडनी मात्र परत बसवता येत नाही.

रिपोर्टातल्या त्या दोन शब्दांमागची प्रश्नचिन्हं तुम्ही नीट उतरवून घेतलीत, बरं केलंत. पुष्कळ घरांत ती वाटेतच गळून पडतात. तालुक्याहून गावात पोचेपर्यंत 'आरसीसी?' चा 'कॅन्सर निघाला' होतो. एएमएल म्हणजे अँजिओमायोलायपोमा. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची मिळून झालेली गाठ, आणि ती साधी असते, कॅन्सर नव्हे. आरसीसी म्हणजे रीनल सेल कार्सिनोमा, मोठ्या माणसांत सर्वांत जास्त आढळणारा किडनीचा कॅन्सर. सोनोग्राफीत एएमएल पांढरीशुभ्र दिसते, कारण चरबी आवाजाच्या लाटा जोरात परतवते. पंचाईत अशी की काही लहान कॅन्सरही तसेच पांढरे दिसतात. म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांनी प्रश्नचिन्ह टाकलं. त्यांनी प्रामाणिकपणा केला. पुढच्या माणसाने त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं, तुमच्या बाबतीत ते झालं नाही.

मी आयुष्यभर पॅथॉलॉजीत काम केलं. म्हणजे पेशंट माझ्यापर्यंत येत नाही, त्याच्या शरीरातून निघालेला तुकडा येतो. फार वर्षांपूर्वीची एक किडनी मला अजून आठवते. फॉर्मालिनच्या प्लास्टिकच्या डब्यात आली, सोबतच्या कागदावर 'कॅन्सर' असं ठाम लिहिलेलं, प्रश्नचिन्ह नाही. मधोमध कापली तर आत गाठ एकसारखी तपकिरी, जुन्या सागवानी पाटाच्या रंगाची, आणि मध्यभागी पांढरट वण, चांदणीसारखे फाटे फुटलेला. त्या गाठीचं नाव ऑन्कोसायटोमा. कॅन्सर नाही. कापल्याबरोबर मला जवळपास कळलं होतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघून खात्री झाली. बाईची उरलेली किडनी आधीच मधुमेहाने थकलेली होती. रिपोर्ट मी सही करून पाठवला. आनंदाची बातमी असूनही तो पाठवताना मला बरं वाटलं नाही.

त्या सर्जनची सगळी चूक होती असंही म्हणता येत नाही. ऑन्कोसायटोमा आणि कॅन्सरचा एक मवाळ प्रकार स्कॅनमध्ये इतके सारखे दिसतात की भलेभले चकतात. ती चांदणी दोघांतही दिसू शकते. पण गाठ लहान होती, किडनीच्या कडेला होती. तेवढी गाठच काढून बाकी किडनी ठेवता आली असती. चार सेंटीमीटरच्या आतल्या ज्या गाठी कॅन्सर समजून काढल्या जातात, त्यांतल्या साधारण पाचांतली एक शेवटी साधी निघते. गाठ जेवढी लहान, तेवढी ती साधी निघण्याची शक्यता जास्त. हा आकडा माहीत असलेला माणूस अख्खी किडनी काढायला एवढी घाई करत नाही.

आता तुमच्या सिटी स्कॅनकडे येते. एएमएल ओळखायची खूण म्हणजे चरबी. सिटीचं मशीन शरीराच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतं. पाण्याला शून्य, हाडाला शेकड्यांत, हवेला उणे हजार. चरबी पाण्यापेक्षा हलकी, दुधावर लोणी तरंगतं तशी, म्हणून तिचा आकडा शून्याच्या खाली. गाठीत उणे दहा किंवा त्याहून खाली आकडा सापडला तर त्यात चरबी आहे आणि ती गाठ बहुतेक करून एएमएलच. चरबीसोबत चुन्याचे खडे दिसले तर मात्र सावध व्हायचं, कारण चरबी दिसणाऱ्या मोजक्या कॅन्सरमध्ये तसं आढळतं. पण हा आकडा इंजेक्शन देण्याच्या आधीच्या, साध्या फेरीत बघावा लागतो. इंजेक्शनचं औषध रक्तवाहिन्यांत भरलं की आकडे वर चढतात आणि थोडीशी चरबी त्यात बुडून जाते. शिवाय काप बारीक हवेत, दोन-तीन मिलिमीटरचे. जाड कापात चरबी आणि स्नायू एकाच ठिपक्यात येतात आणि मशीन दोघांची सरासरी सांगतं. पायलीभर तांदळात मूठभर तूर मिसळून वजन केल्यासारखं ते होतं, तूर किती ते कळतच नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम बिनपैशाचं आहे. ज्या सेंटरवर स्कॅन केला तिथून सीडी मागून घ्या, आधीच दिली असेल तर शोधा, लोखंडी पेटीत असेल. पुष्कळ सेंटर इंजेक्शनच्या आधी एक साधी फेरी घेतात, ती त्या सीडीत असू शकते. नुसत्या फिल्मवर आणि छापलेल्या कागदावर आकडे मोजता येत नाहीत, सीडीवर येतात. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला ती सीडी दाखवा आणि एवढंच विचारा: "साध्या फेरीत चरबी दिसते का, आणि डाव्या किडनीतल्या ठिपक्यांतही दिसते का?" हा प्रश्न कागदावर लिहून न्या. साधी फेरी नसेल तर फक्त किडनीचा बिनइंजेक्शनचा सिटी पुन्हा काढता येतो, किंवा एमआरआय. एमआरआयमध्ये चरबीचा रंग मुद्दाम घालवून बघता येतो, आणि या वयात किरणंही टळतात.

चरबी सापडली तर सुईची गरज नाही. साळ्याला सांगा, तुझं म्हणणं बरोबर होतं पण या वेळी काम त्याशिवायच झालं. उलट एएमएलमध्ये रक्तवाहिन्या कच्च्या असतात, उगाच टोचलं तर रक्त जायचं. चरबी सापडली नाही तर मात्र साळ्याचं ऐका. एएमएलच्या काही गाठींत चरबी इतकी थोडी असते की स्कॅनला दिसतच नाही. आणि तुमच्या घरात मला ज्याची शंका येते आहे, त्या आजारात अशा गाठी जास्तच आढळतात.

मायच्या भीतीला एक उत्तर द्यायला हवं, कारण ती एकटी नाही. सुई लागली आणि माणूस गेला, हे प्रत्येक गावात कोणाच्या तरी बाबतीत सांगतात. बहुतेक वेळा तो माणूस सुईपाशी पोचला तेव्हाच रोग सगळीकडे गेलेला असतो. सुई त्याची खबर देते आणि लोक खबर आणणाऱ्यालाच धरतात. किडनीच्या गाठीत आज सोनोग्राफी किंवा सिटीवर बघत, एका बारीक नळीतून सुई आत-बाहेर करतात, म्हणजे वाटेतल्या मांसाला गाठीचा तुकडा लागत नाही. सुईच्या वाटेवर कॅन्सर पसरल्याचे प्रकार झाले आहेत, खोटं सांगत नाही, पण अगदीच विरळा. किडनीच्या आतल्या, लघवी गोळा होते त्या पिशवीत गाठ असेल तर सुई टाळतात, तो वेगळा प्रकार. तुमच्या कापसाच्या गाडीला ग्रेडर काय करतो? वरचा कापूस बघत नाही, हात खोल घालून मधली मूठ काढतो. त्याने गाडी खराब होत नाही, भाव ठरतो. कधी मूठ नेमकी कचऱ्याची येते, तेव्हा दुसऱ्यांदा हात घालावा लागतो. दहांतून एखाद-दोन वेळा किडनीच्या सुईतही असं होतं, तुकडा पुरेसा येत नाही. त्याचा अर्थ 'काही नाही' असा घ्यायचा नसतो, पुन्हा घ्यायचा असतो.

तुकडा काढलाच तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. तो ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घेता येतात. चरबी कमी असलेली एएमएल नुसत्या साध्या रंगात एखाद्या भयंकर कॅन्सरसारखी दिसू शकते. मग एचएमबी-४५ नावाची तपासणी लावतात. ती एएमएलमध्ये उमटते, नेहमीच्या किडनी कॅन्सरमध्ये उमटत नाही. कुठल्याही लॅबने 'कॅन्सर' लिहिलं तरी ही तपासणी झाली का ते विचारा. मोठ्या दवाखान्यात दुसऱ्यांदा वाचून घेणं यात कोणाचा अपमान नाही. माझ्या काचपट्ट्याही लोक दुसरीकडे नेत, आणि दोनदा तरी त्यांचं बरोबर निघालं.

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं विषयांतर करते, कारण अशा पत्रांच्या झेरॉक्स गावात फिरतात हे मला माहीत आहे. साध्या गाठींचं कुटुंब एएमएल आणि ऑन्कोसायटोमावर संपत नाही. मेटानेफ्रिक अ‍ॅडिनोमा नावाची एक फारच दुर्मीळ गाठ आहे, बहुधा बायकांत, आणि काही जणींत तिच्यामुळे हिमोग्लोबिन कमी होण्याऐवजी भलतंच वाढतं. आपल्याकडे, जिथे दर दुसऱ्या बाईचं हिमोग्लोबिन कमी असतं, तिथे सतरा-अठरा आलं तर सगळे खूश होतात, कोणी कारण शोधत नाही. दुसरी रेनिनोमा. वाटाण्या-सुपारीएवढी गाठ, पण रेनिन नावाचा रस इतका सोडते की विशी-पंचविशीत रक्तदाब आभाळाला भिडतो आणि रक्तातलं पोटॅशियम खाली येतं. गाठ काढली की रक्तदाब बहुधा जाग्यावर येतो. तरुण पोराचं किंवा पोरीचं बीपी १८० निघालं तर 'टेन्शन आहे' म्हणून गोळी देऊन घरी पाठवू नका, एवढंच मला सांगायचं आहे. वहिनींचं बीपी शेवटचं कधी मोजलं? तुमच्या पत्रात नाही. मोजा.

आणि विदर्भात राहून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा उल्लेख न करता किडनीवर लिहिणं मला जमत नाही. सिकलसेलचा वाहक असलेल्या माणसाला, आजारी नसतानाही, कधी कधी लघवीतून रक्त जातं. फार क्वचित अशा तरुण वाहकांना किडनीच्या गाभ्यात एक अतिशय जहाल कॅन्सर होतो, आणि तो साध्या गाठीच्या नावाखाली थांबवून ठेवायचा नसतो. तुमच्या वर्णनाशी तो जुळत नाही. तरी घरात कोणाची सिकलसेलची तपासणी झाली असेल तर तो कागद सोबत न्या. झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात होते.

आता तुमच्या मायचं म्हणणं. या घराला काहीतरी लागलं आहे, असं ती म्हणते. भाऊ, ती अर्धी बरोबर असू शकते. पोरीचे झटके, तिच्या पाठीवरचे डाग, वहिनींच्या नाकाजवळच्या पुटकुळ्या आणि दोन्ही किडन्यांतल्या गाठी. या चार वेगवेगळ्या आपत्ती वाटतात, पण त्यांच्यामागे एकच कारण असू शकतं. ती नजर नाही आणि भानामती नाही, एक जनुक आहे. आजाराचं नाव ट्युबरस स्क्लेरोसिस. १८८० साली बोर्नव्हिल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने झटके येणाऱ्या एका मुलीच्या मेंदूत कडक गाठी पाहून त्याला हे नाव दिलं. त्याच मुलीच्या किडन्यांतही गाठी होत्या. साधारण सहा हजार जन्मांमागे एकाला हा आजार असतो. पेशींची वाढ आवरून धरणारे दोन जनुक आहेत, नवव्या आणि सोळाव्या गुणसूत्रावर. त्यांतल्या एकात बिघाड झाला की तो लगाम सुटतो आणि कातडी, मेंदू, किडनी, हृदय, फुफ्फुस अशा ठिकाणी साध्या गाठी वाढू लागतात. कोणाला सगळं होतं, कोणाला नाकावरच्या चार पुटकुळ्यांवर भागतं. एकाच घरात आईला एवढंसं आणि लेकीला झटके, असं होऊ शकतं.

पोरीचे ते डाग बघा. कोड असेल तर डाग खडूसारखा पांढरा असतो, वाढतो, पसरतो. या आजारातले डाग फिकट असतात, बहुधा जन्मापासून किंवा तान्हेपणापासून असतात, आणि त्यांतले काही एका टोकाला निमुळते, कडुनिंबाच्या पानासारखे. तीन किंवा जास्त असतील तर त्यांना वजन आहे. कातडीच्या डॉक्टरकडे निळसर दिवा असतो, त्याखाली ते चटकन उठून दिसतात. वहिनींच्या पुटकुळ्यांत पू होतो का? मुरमात होतो, यात होत नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालांवर पसरलेल्या, लालसर, कडक, लहानपणी सुरू झालेल्या. चेहऱ्यावर अशा तीन किंवा जास्त, आणि किडनीत दोन किंवा जास्त एएमएल, या दोन खुणा मिळाल्या तर डॉक्टरांच्या नियमांप्रमाणे निदान पक्कं धरतात. जनुकाची रक्ततपासणी त्याला दुजोरा देते, पण ती महाग आहे आणि पहिल्या दिवशी लागत नाही.

हे मी एवढं लांबण लावून का लिहिते आहे? कारण त्या उजव्या किडनीचं काय करायचं ते यावर ठरतं. 'एका किडनीवर माणूस जगतो' हे खरं आहे, किडनी दान करणारे जगतातच. पण दुसरी किडनी निरोगी असली तर. हा आजार असेल तर डावीकडचे ठिपकेही त्याच जातीचे, आणि ते वर्षांमागून वर्षं वाढतील. आज उजवी काढली आणि दहा वर्षांनी डावी संकटात आली तर वहिनी डायलिसिसवर. म्हणून या आजारात अख्खी किडनी काढणं होता होईल तो टाळा, असंच जगभरच्या तज्ज्ञांनी लिहून ठेवलं आहे. तीन सेंटीमीटरवर गेलेली, वाढत असलेली एएमएल असेल तर एव्हरोलिमससारख्या औषधाने ती आक्रसू शकते. औषध थांबवलं की गाठ पुन्हा वाढते, आणि ते स्वस्त नाही, हेही सांगून ठेवते. रक्तस्राव होत असेल तर मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी घालून गाठीची रक्तवाहिनी बंद करतात. पोट फाडावं लागत नाही, किडनी राहते.

याची दुसरी बाजू लपवत नाही. ट्युबरस स्क्लेरोसिसच्या काही थोड्या लोकांना किडनीचा कॅन्सरही होतो. त्यामुळे निदान झालं म्हणून सगळ्या गाठी आपोआप साध्या ठरत नाहीत. ज्या गाठीत चरबी नाही आणि जी भराभर वाढते, तिला सुई लागलीच पाहिजे.

साधी गाठ म्हणजे निर्धास्त राहायचं, असंही नाही. एएमएलचा धोका कॅन्सरचा नसतो, फुटण्याचा असतो. चार सेंटीमीटरच्या वर गेली की, आणि तिच्या रक्तवाहिनीला पाच मिलिमीटरचा फुगा आला की, ती आत फुटून रक्त सांडू शकते. तुमची ३.८ आहे, म्हणजे उंबरठ्यावर. कुशीत एकाएकी असह्य कळ, चक्कर, घाम, हातपाय गार, लघवी लाल, यातलं काही झालं तर 'खडा हलला असेल' म्हणत सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन, आणि गाडीत बसतानाच सांगा की किडनीत गाठ आहे, आतून रक्त जात असेल. वहिनींचा रक्तगट आजच लिहून ठेवा. बैलाची लात, गाडीवरून पडणं, अंगावर ओझं आपटणं, कुशीला मार लागेल असं काही टाळायचं. कापूस वेचायला बंदी नाही, कट्टे उचलायला आहे. गरोदरपणात या गाठी वाढतात आणि फुटायची भीतीही वाढते. आणखी लेकराचा विचार असेल तर हे सगळं निस्तरेपर्यंत थांबा, आणि पाळणा लांबवायला वहिनी गोळ्या घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. यात काही गोळ्या चालत नाहीत.

पुडीबद्दल दोनच वाक्यं. चरबी आणि स्नायूची गाठ कुठल्याही पुडीने विरघळत नाही. आणि ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, ती किडनीच्या रोग्याने घेऊ नये. अंगदुखीच्या गोळ्याही दुकानातून आणून देऊ नका.

जायचं कुठे? तुमच्यापासून सेवाग्राम आणि सावंगी ही दोन्ही मेडिकल कॉलेजं नागपूरच्या अलीकडेच लागतात, वर्ध्याला उतरलात की दोन्हीकडे ऑटो मिळतो. नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी आहे, तिथे किडनीचे फिजिशियन आणि सर्जन दोघंही आहेत. मिहानकडचं एम्स आहे. एकाच ठिकाणी युरोलॉजी (किडनीचे सर्जन), नेफ्रोलॉजी (किडनीचे फिजिशियन), रेडिओलॉजी (स्कॅनचा विभाग), कातडीचा विभाग आणि मुलांचा विभाग असलेली जागा निवडा, कारण तुम्हाला हे पाचही लागणार आहेत. खाजगीत हे पाच दवाखाने फिरायला वर्षाचा कापूस जातो. राशनकार्ड आणि आधार घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं टेबल दवाखान्यात दारापाशीच असतं, तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. भरती व्हायच्या आधीच्या सगळ्या तपासण्या योजनेत बसतील असं धरून चालू नका, पाच-दहा हजार हाताशी असू द्या.

वावराचं बोलणं मात्र थांबवा. ज्या ऑपरेशनची गरज आहे की नाही हेच ठरलेलं नाही, त्यासाठी काळी माती विकायची? गिऱ्हाईक घाई करत असेल तर माझं पत्र दाखवा.

त्या सर्जनशी भांडू नका. सीडी आणि कागद मागा, म्हणा, एक मत अजून घेऊन येतो. चांगला सर्जन रागावत नाही. रागावला तर तेही एक उत्तरच आहे.

ओपीडीत गेल्यावर डॉक्टरांना वेळ थोडा असतो. तुम्ही किडनीपासून सुरू कराल आणि पोरीचं राहून जाईल, पत्रात राहत होतं तसं. म्हणून एका कागदावर चार ओळी लिहून न्या: आईच्या दोन्ही किडन्यांत गाठी, आईच्या चेहऱ्यावर लग्नाआधीपासून पुटकुळ्या, मुलीला लहानपणापासून झटके, मुलीच्या पाठीवर पांढरे डाग. खाली लिहा, 'ट्युबरस स्क्लेरोसिस आहे का?' प्रश्नचिन्हासकट. पोरीचा मेंदूचा स्कॅन पूर्वी झाला असेल तर तोही घ्या. आजार निघाला तर तिच्या किडन्या आणि डोळेही बघावे लागतील, आणि झटक्यांची गोळी हीच योग्य आहे का तेही. वहिनींना चढण चढताना दम लागतो का ते विचारून ठेवा. या आजारात बायकांच्या फुफ्फुसांत बारीक पोकळ्या होऊ शकतात, छातीचा एक सिटी त्यासाठी लागेल. तुम्ही 'मोठी पोरगी' म्हणता, म्हणजे धाकटं कोणीतरी आहे. आईला हा आजार असेल तर प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी असते. धाकट्याला अंघोळ घालताना उजेडात पाठ आणि पाय नीट बघा.

आणि मायलाही सोबत न्या. तिला रोगाचं नाव माहीत नव्हतं, पण चारही गोष्टी एकत्र बांधल्या त्या तिनेच. डॉक्टरांनी विचारलं तर कोणाला काय कधीपासून आहे हे तिच्याइतकं नीट घरात दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

– तुमची डॉक्टरताई